लिनक्सवर साउंड ड्रायव्हर कुठला घ्यायचा? नवीन काही टाकण्याआधी हे करून बघा

विंडोजवरून लिनक्सवर आलेला माणूस आवाज येत नाही म्हटल्यावर पहिली गोष्ट काय करतो, तर चिप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर जाऊन लिनक्सचा ड्रायव्हर शोधत बसतो. तिथे नका जाऊ. एखादी जुनी झिप फाइल सापडलीच तरी तिला हात लावू नका, कारण लिनक्समध्ये साउंडचे ड्रायव्हर कर्नलसोबतच (लिनक्सच्या गाभ्यासोबतच) येतात आणि तुमच्या मशीनमध्ये आत्ता असलेला ड्रायव्हर त्या झिपमधल्यापेक्षा हमखास नवा असतो. मग निवडायचं काय? निवडायचं असतं ते हे, की कर्नलमध्ये आधीच असलेल्या दोन-तीन ड्रायव्हरपैकी तुमच्या चिपला कोण चालवणार, त्याला लागणारं फर्मवेअर (चिपच्या आत चालणारा छोटा प्रोग्रॅम) आहे का, आणि वर कुठला साउंड सर्व्हर बसवायचा.

एक सांगून ठेवतो, कमांड मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्यात, फोनवर एखाद्याला सांगतो तशा. टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरांत टाकायच्या. मॉड्यूलच्या (कर्नलला जोडल्या जाणाऱ्या ड्रायव्हरच्या) नावात डॅश टाका नाहीतर अंडरस्कोर, दोन्ही चालतं, त्यावर डोकं खपवू नका. ए-प्ले, ए-रेकॉर्ड, ए-साउंड, पी-ए-सीटीएल, डीएमआय-डीकोड, एचडीए-जॅक-रीटास्क यांतला डॅश मात्र फक्त वाचायला आहे, तो टाइप करायचा नाही.

आधी थोडं कोण कोण आहे ते

सगळ्यात खाली कर्नलमधला आल्सा, म्हणजे साउंड ड्रायव्हर ज्यात असतात ती व्यवस्था. यारोस्लाव्ह कायसेला यांनी १९९८ मध्ये ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंड कार्डाच्या ड्रायव्हरपासून हे काम सुरू केलं आणि डिसेंबर २००३ मध्ये कर्नल २.६ आला तेव्हा आल्सा अधिकृत झाला. त्याच्याआधी ओएसएस होता, हान्नू सावोलाइनेन यांचा. अजूनही जुन्या लेखांत "आल्सा काढा, ओएसएस ४ टाका, आवाज भारी येतो" असले सल्ले सापडतात, त्यांच्या नादी आज कुणी लागू नये. ओएसएसचं घर आता फ्रीबीएसडी (लिनक्ससारखीच दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम), तिथे तो मस्त चालतो, तिथेच राहू द्या.

आल्साच्या वर साउंड सर्व्हर. ब्राउझर, व्हीएलसी, मीटिंग असे चार प्रोग्रॅम एकाच वेळी आवाज काढतात तो एकत्र करायचं काम त्याचं. आधी पल्सऑडिओ होता, लेनार्ट पॉटरिंग यांचा, फेडोरा ८ (फेडोरा, उबंटू, मिंट, डेबियन, आर्च हे लिनक्सचे वेगवेगळे अवतार, म्हणजे डिस्ट्रो) पासून म्हणजे २००७ पासून तो डिफॉल्ट झाला आणि सुरुवातीची काही वर्षं लोकांनी त्याला भरपूर शिव्या घातल्या. आता पाइपवायर, विम टायमन्स यांचा, फेडोरा ३४ ने २०२१ मध्ये तो घेतला, मग उबंटू २२.१० ने, मग मिंट २२ ने. नवं काही इन्स्टॉल केलं असेल तर तुमच्याकडे बहुतेक पाइपवायरच आहे.

आणि या दोघांखेरीज आणखी दोन गोष्टी असतात ज्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. एक म्हणजे फर्मवेअर, आणि दुसरं यूसीएम, म्हणजे "या लॅपटॉपला स्पीकर या वाटेवर आहे, माइक त्या वाटेवर" असं सांगणाऱ्या साध्या मजकुराच्या फाइली. आजकालच्या लॅपटॉपवरचे निम्मे घोळ या दोन ठिकाणी असतात असं माझं मत.

पायरी १: खरंच ड्रायव्हरचा प्रश्न आहे का ते बघा

हसू येईल पण सुरुवात इथूनच. आल्सामिक्सर टर्मिनलमध्ये चालवा, एफ६ दाबून खरं कार्ड निवडा (डिफॉल्टला पाइपवायर दिसतं, त्यात फक्त एक पट्टी असते, ती बघून काही कळत नाही). आता मास्टर, स्पीकर, हेडफोन अशा पट्ट्या दिसतील. ज्या पट्टीखाली एमएम लिहिलंय ती म्यूट आहे, तिच्यावर जाऊन एम दाबा, शून्य-शून्य झालं की चालू. ऑटो-म्यूट मोड नावाचा एक पर्याय असतो, हेडफोनचा जॅक खराब असला आणि मशीनला वाटत असलं की हेडफोन लावलेलाच आहे, तर त्याच्यामुळे स्पीकर कायमचा गप्प बसतो. तो डिसेबल करून बघा.

मग साउंड सर्व्हरला बाजूला ठेवून थेट कार्डाला आवाज पाठवायचा. ए-प्ले डॅश एल (लहान एल) दिलं की कार्डांची यादी येते, कार्ड ० डिव्हाइस ० असं काहीतरी. मग:

स्पीकर-टेस्ट -डी प्लगएचडब्ल्यू:०,० -सी २ -टी वॅव

यातला पहिला डी कॅपिटल. "फ्रंट लेफ्ट, फ्रंट राइट" असा बाईचा आवाज आला तर ड्रायव्हर ठणठणीत आहे, तुमचा प्रॉब्लेम वरच्या मजल्यावर आहे, सरळ पायरी ५ ला जा. डिव्हाइस बिझी म्हणाला तर साउंड सर्व्हरने कार्ड धरून ठेवलंय, ब्राउझर वगैरे बंद करा, दहा सेकंद थांबा, परत द्या. आणि ए-प्लेने "नो साउंडकार्ड्स फाउंड" म्हटलं, किंवा सेटिंगमध्ये फक्त "डमी आउटपुट" दिसतंय, तर मात्र पुढे वाचा.

विंडोज आणि लिनक्स दोन्ही असलेल्या मशीनवर आणखी एक करून बघा. विंडोजमधून रीस्टार्ट करून लिनक्समध्ये आल्यावर आवाज जातो आणि पूर्ण शटडाउन करून परत चालू केलं की येतो, असं असेल तर चिप विंडोजने ज्या अवस्थेत सोडली त्यातच अडकतेय. विंडोजमधून लिनक्सवर येताना रीस्टार्टऐवजी पूर्ण शटडाउन करा, आणि तो खरंच पूर्ण व्हावा म्हणून विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद ठेवा. ड्रायव्हर बदलायची गरज नाही.

पायरी २: चिप कुठली आणि तिला आत्ता कोण चालवतंय

एलएसपीसीआय -एनएनव्हीके द्या आणि ऑडिओवाला भाग शोधा. इंटेल मशीनवर तो बहुतेक ००:१एफ.३ या पत्त्यावर असतो. तिथे तीन गोष्टी वाचायच्या. पहिली, चौकटी कंसातला आकडा, ०४०३ की ०४०१. दुसरी, "कर्नल ड्रायव्हर इन यूज", म्हणजे आत्ता कोण चालवतंय. तिसरी, "कर्नल मॉड्यूल्स", म्हणजे कोण कोण चालवू शकतं. खरी निवड या तिसऱ्या ओळीत असते, तिथे एकापेक्षा जास्त नावं असतील तरच तुमच्याकडे निवडायला काहीतरी आहे. एकच नाव असेल तर निवडीचा विषय संपला, त्याच ड्रायव्हरला पर्याय देऊन सरळ करायचं.

साधा ०४०३ असेल तर ते जुन्या पद्धतीचं एचडी ऑडिओ (थोडक्यात एचडीए), त्याला एसएनडी-एचडीए-इंटेल चालवतो. नावात इंटेल आहे म्हणून एएमडीवाल्यांनी घाबरू नका, एएमडीचा आणि एनव्हिडियाच्या एचडीएमआयचा आवाजसुद्धा हाच ड्रायव्हर काढतो, हे बघून दरवेळी कुणीतरी "माझ्याकडे चुकीचा ड्रायव्हर लागलाय" म्हणून ओरडतोच.

०४०१ असेल, किंवा ०४०३ च्या पुढे प्रॉग-इफ ८० दिसत असेल, तर चिपमधला डीएसपी चालू आहे. म्हणजे आत एक छोटा प्रोसेसर आहे आणि त्याला चालायला फर्मवेअर लागतं. अशा मशीनवर एसओएफ, म्हणजे साउंड ओपन फर्मवेअरवाला ड्रायव्हर लागतो, जो इंटेलने २०१८ मध्ये जाहीर केला. कर्नल हे स्वतःच ठरवतो. सुडो डीमेसेज (dmesg, कर्नलच्या संदेशांची नोंद दाखवणारी कमांड) चालवून त्यात एसओएफ शोधा, "डिजिटल माइक्स फाउंड ऑन स्कायलेक प्लस प्लॅटफॉर्म, यूझिंग एसओएफ ड्रायव्हर" अशी ओळ सापडेल. तिचा अर्थ, लॅपटॉपच्या स्क्रीनवर कॅमेऱ्याशेजारी असतात ते माइक थेट डीएसपीला जोडलेत, जुन्या ड्रायव्हरला ते दिसतच नाहीत.

पायरी ३: फर्मवेअर आहे का ते बघा, मगच ड्रायव्हर बदला

त्याच डीमेसेजमध्ये "एसओएफ फर्मवेअर फाइल इज मिसिंग" असं लाल अक्षरांत आलं असेल तर अर्धा तास वाचला तुमचा. डेबियन, उबंटू, मिंटवर पॅकेजचं नाव फर्मवेअर-एसओएफ-साइन्ड, फेडोरावर आल्सा-एसओएफ-फर्मवेअर, आर्च आणि ओपनसूझेवर एसओएफ-फर्मवेअर. टाका, पूर्ण बंद करून चालू करा. आर्चवाल्यांच्या बाबतीत बहुतेक वेळा एवढंच असतं कारण तिथे ते आपोआप येत नाही. डेबियन १२ पासून नॉन-फ्री-फर्मवेअर हा वेगळा विभाग झालाय, जुन्या डेबियनवरून अपग्रेड केलं असेल तर सोर्सेस लिस्टमध्ये (पॅकेज कुठून घ्यायची ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) तो शब्द आहे का बघा, नाहीतर पॅकेज सापडतच नाही आणि माणूस म्हणतो नाव चुकीचं सांगितलं.

फर्मवेअरबरोबर आल्सा-यूसीएम-कॉन्फ हे पॅकेजही अपडेट करा. लक्षण असं: स्पीकर चालतो, आल्सामिक्सरमध्ये माइकच्या पट्ट्या दिसतात, ए-रेकॉर्डने थेट रेकॉर्डिंग होतं, पण सेटिंगमध्ये माइकच नाही. असं असेल तर यूसीएमच्या फाइली जुन्या आहेत, ड्रायव्हरचा यात काही दोष नाही.

आणि इथेच एक काम करा जे मी सगळ्यांना सांगतो आणि कंटाळा येतो म्हणून कुणी करत नाही. ताज्या फेडोराचा पेनड्राइव्ह बनवा, इन्स्टॉल न करता लाइव्ह चालवा, आवाज आणि माइक तपासा. तिथे चालतंय आणि तुमच्या सिस्टिमवर नाही, तर तुमचा कर्नल किंवा फर्मवेअर जुनं आहे, बाकी काही नाही. डेबियन १२ मध्ये कर्नल ६.१ आहे, उबंटू २४.०४ सुरुवातीला ६.८ घेऊन आला, लॅपटॉप त्यानंतरचा असेल तर तो ओळखणार कसा? डेबियनवर बॅकपोर्ट्समधला कर्नल, उबंटूवर एचडब्ल्यूई कर्नल घ्या, दोन्ही म्हणजे त्याच आवृत्तीसाठी दिलेला नवा कर्नल. लाइव्हवरही चालत नसेल तर मग खरं खोदकाम.

पायरी ४: आता ड्रायव्हर निवडा

इंटेलवाल्यांसाठी किल्ली एकाच ठिकाणी आहे. ईटीसी फोल्डरमधल्या मॉडप्रोब-डॉट-डी मध्ये रूट (अ‍ॅडमिन) होऊन एक नवीन फाइल करा, नाव काहीही पण शेवटी डॉट कॉन्फ हवं, आणि आत एकच ओळ:

ऑप्शन्स एसएनडी-इंटेल-डीएसपीसीएफजी डीएसपी_ड्रायव्हर=१

० म्हणजे कर्नलला ठरवू द्या, १ म्हणजे जुना एचडीए, २ म्हणजे एसएसटी, ३ म्हणजे एसओएफ, ४ म्हणजे एव्हीएस. नेटवर जो तो "१ टाका, आवाज येतो" असं सांगत असतो आणि ते खोटं नाही, आवाज येतो, पण वर म्हटलेले स्क्रीनजवळचे डिजिटल माइक त्याक्षणी जातात. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये "तुमचा आवाज येत नाहीये" सुरू होतं आणि कुणाला कळत नाही की काल केलेल्या इलाजाचंच हे बिल आहे. त्यामुळे १ हा पर्याय डेस्कटॉपवाल्यांनी, किंवा ज्यांचा माइक हेडसेटचा नाहीतर यूएसबीचा आहे त्यांनी घ्यावा. बाकीच्यांनी ० किंवा ३ वर राहून फर्मवेअर आणि कर्नल नवं करावं. २ हा इंटेलच्या जुन्या बेट्रेल, चेरीट्रेल चिपांच्या स्वस्त टॅब्लेट-लॅपटॉपसाठी, ४ फार थोड्यांच्या कामाचा. फाइल सेव्ह केल्यावर डेबियन-उबंटूवर अपडेट-इनिट्रॅमएफएस -यू, फेडोरावर ड्रॅकट -एफ चालवून रीस्टार्ट करा, आणि पायरी २ ची कमांड परत देऊन ड्रायव्हर खरंच बदलला का ते डोळ्यांनी बघा.

एचडीएवाल्यांचा प्रश्न वेगळा असतो. ड्रायव्हर बरोबर लागलाय, पण हेडसेटचा माइक येत नाही किंवा स्पीकर बंद. कारण एकच रिअलटेक चिप प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने वायरिंग करून लावते आणि कुठल्या पिनला काय जोडलंय हे बायोस नीट सांगत नाही. प्रॉक फोल्डरमधल्या ए-साउंड, त्यात कार्ड०, त्यात कोडेक#० ही फाइल कॅटने उघडा, पहिल्याच ओळीत रिअलटेक एएलसी२५६ असं चिपचं नाव मिळेल. कर्नलच्या डॉक्युमेंटेशनमध्ये एचडी ऑडिओच्या पानावर त्या त्या चिपसाठी चालणारी मॉडेलची नावं दिलेली आहेत, त्यातलं एक निवडून:

ऑप्शन्स एसएनडी-एचडीए-इंटेल मॉडेल=डेल-हेडसेट-मल्टी

नावात डेल असलं तरी दुसऱ्या कंपनीच्या लॅपटॉपवरही ते लागू पडतं कधीकधी, वायरिंग सारखं असलं की झालं. पण एक लक्षात घ्या, मशीनमध्ये ग्राफिक्स कार्डाचा एचडीएमआयसुद्धा याच ड्रायव्हरवर असेल तर मॉडेलची नावं स्वल्पविराम देऊन क्रमाने लिहायची असतात, पहिलं पहिल्या कार्डाला, दुसरं दुसऱ्या. एचडीएमआय पहिला असेल तर ऑटो,डेल-हेडसेट-मल्टी असं लिहा, नाहीतर तुम्ही एचडीएमआयलाच हेडसेट समजायला सांगताय आणि वर म्हणताय काही फरक पडला नाही. आणि ड्रायव्हर एसओएफ असेल तर ही ओळ कुणी वाचतच नाही, तिथे एसओएफच्या इंटेल मॉड्यूलला एचडीए_मॉडेल नावाचा स्वतंत्र पर्याय आहे. हातानेच पिन बदलून बघायच्या असतील तर एचडीए-जॅक-रीटास्क नावाचं छोटं टूल आहे, त्यात आधी "अप्लाय नाऊ" करून बघा, जमलं तरच बूटला कायम करा.

हेडफोनवर खणखणीत आणि स्पीकरवर शून्य किंवा अगदी चिरका आवाज, आणि लॅपटॉप गेमिंगचा किंवा महागातला, तर स्पीकरला वेगळी अँप चिप लावलेली असण्याची दाट शक्यता. सिरस लॉजिकची सीएस३५एल४१ किंवा टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीएएस२७८१ ही नावं डीमेसेजमध्ये शोधा. इथे मॉडेलशी खेळण्यात अर्थ नाही, नवा कर्नल आणि नवं लिनक्स-फर्मवेअर पॅकेज हाच उपाय.

एएमडी रायझनच्या नव्या लॅपटॉपवर आतला माइक एसीपी नावाच्या वेगळ्या भागाकडे असतो आणि त्याच्या ड्रायव्हरमध्ये लॅपटॉपच्या मॉडेलची अक्षरशः यादी लिहिलेली आहे. तुमचं मॉडेल यादीत नसेल तर माइक नाही. यादी दर कर्नलमागे वाढते, म्हणून इथेही आधी नवा कर्नल.

यूएसबी कार्ड किंवा माइक घेणार असाल तर ही सगळी कटकटच टळते. क्लास-कंप्लायंट वस्तू घ्या, एसएनडी-यूएसबी-ऑडिओ हा एकच ड्रायव्हर सगळ्यांना चालवतो. दुकानात ओळखायचं कसं? खोक्यावर आयपॅडवर चालतं असं लिहिलंय का बघा, वेगळा ड्रायव्हर न टाकता तिथे चालणारी वस्तू लिनक्सवरही सहसा लावल्या लावल्या चालते. घरी पॉडकास्ट करणाऱ्या किंवा पेटी-तबला रेकॉर्ड करणाऱ्याने लॅपटॉपच्या आतल्या माइकसाठी आठवडा घालवू नये, हे माझं स्पष्ट मत.

गिटहबवरून कुणाचं तरी मॉड्यूल डीकेएमएसने (दर नव्या कर्नलसाठी मॉड्यूल परत बांधणाऱ्या साधनाने) बसवायची वेळ आलीच, तर सिक्युअर बूट चालू असताना सही नसलेलं मॉड्यूल लोडच होत नाही हे विसरू नका, आणि कर्नल अपडेटला ते तुटू शकतं हेही.

पायरी ५: साउंड सर्व्हर

पी-ए-सीटीएल इन्फो द्या, सर्व्हर नेम समोर "पल्सऑडिओ ऑन पाइपवायर" दिसलं तर पाइपवायर चालू आहे, नुसतं पल्सऑडिओ दिसलं तर जुना. दोन्ही एकाच वेळी बसवून ठेवू नका. जुना नीट चालत असेल आणि तुम्ही फक्त गाणी ऐकता, मीटिंग करता, तर बदलायची घाई नाही. ब्लूटूथ हेडफोन आणि रेकॉर्डिंग करणाऱ्यांनी मात्र पाइपवायरवर या.

आवाज एचडीएमआयला जातोय आणि स्पीकर गप्प, हा प्रकार इथलाच. पॅव्हूकंट्रोल (आवाजाच्या सेटिंगचा प्रोग्रॅम) टाका, कॉन्फिगरेशनच्या टॅबमध्ये कार्डाचं प्रोफाइल बघा, ते ऑफ किंवा चुकीचं असतं. काहीच समजेनासं झालं तर:

सिस्टिमसीटीएल --यूझर रीस्टार्ट वायरप्लंबर पाइपवायर पाइपवायर-पल्स

याच्यापुढे सुडो लावायचं नाही, ही तुमच्या यूझरची सर्व्हिस आहे. तरीही जुनीच निवड परत येत असेल तर होममधल्या डॉट-लोकल, स्टेट, वायरप्लंबर या फोल्डरचं नाव बदला आणि परत रीस्टार्ट करा, लक्षात ठेवलेल्या सगळ्या निवडी तिथे असतात.

आवाज सुरू होताना टक् असा आवाज येतो किंवा पहिलं अक्षर खाल्लं जातं, ते पॉवर सेव्हिंगमुळे. एचडीए ड्रायव्हरला पॉवर_सेव्ह=० द्या, बॅटरी किंचित जास्त जाईल.

रेकॉर्डिंगवाल्यांसाठी हिशोब: पाइपवायर साधारण ४८००० रेटवर १०२४ सॅम्पलचा तुकडा घेतो, म्हणजे सुमारे २१ मिलिसेकंद. कानात स्वतःचा आवाज ऐकत गायचं असेल तर हे जाणवतं. पीडब्ल्यू-मेटाडेटा -एन सेटिंग्ज ० क्लॉक.फोर्स-क्वांटम २५६ दिलं की ५.३ वर येतं. १२८ करून बघा, कडकड ऐकू आली तर परत २५६. रिअल-टाइम कर्नलच्या मागे सुरुवातीला पळू नका.

ब्लूटूथवर मीटिंग सुरू झाली की आवाज डब्यातून आल्यासारखा होतो, तो ड्रायव्हरचा दोष नाही. माइक चालू झाला की हेडफोन ए२डीपी (चांगल्या आवाजाची ब्लूटूथ पद्धत) सोडून हँड्सफ्रीवर (फोन कॉलच्या पद्धतीवर) जातो. लॅपटॉपचा माइक निवडा, आवाज परत चांगला होईल.

तरीही नाही जमलं तर

आल्सा-इन्फो नावाची स्क्रिप्ट बहुतेक डिस्ट्रोमध्ये असते, ती --नो-अपलोड देऊन चालवा, सगळी माहिती एका फाइलमध्ये येते. त्यासोबत लॅपटॉपचं पूर्ण मॉडेल (डीएमआय-डीकोडमधलं, खोक्यावरचं नाही, ती दोन्ही वेगळी असतात), कर्नलचा नंबर, लाइव्ह पेनड्राइव्हवर काय झालं, आणि मॉडप्रोबमध्ये तुम्ही काय काय लिहून ठेवलंय ते लिहा. एसओएफ असेल तर एसओएफ प्रोजेक्टच्या गिटहबवर, बाकीचं कर्नलच्या बगझिलावर किंवा आधी तुमच्या डिस्ट्रोच्या बग ट्रॅकरवर. तक्रार टाकायच्या आधी प्रयोग म्हणून घातलेल्या सगळ्या ऑप्शन्स ओळी काढून, एकदा कोरं बूट करून मगच ती फाइल बनवा, नाहीतर पहिलं उत्तर तेच येईल की आधी हे काढा आणि परत पाठवा.